टपालाने आलेलं मन

मानसशास्त्राची पदवी यापुढे दुरून घेता येणार नाही, असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश बंद. सोबत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पोषणशास्त्र असे आणखी काही विषय होते. हे विषय आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतात, हे त्यामागचं कारण.

माझा प्रवेश त्याआधीचा. मी नागपुरात एका पतसंस्थेत नोकरी करते आणि इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. करते. बातमी आली त्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "बरोबरच केलं ना. पोस्टानं कोणी डॉक्टर होते का?"

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्यातला एकच तुकडा मला इथे घ्यायचा आहे, तो म्हणजे मनोविश्लेषण, फ्रॉइडने उभी केलेली ती सगळी विचारपद्धती. कारण मानसशास्त्राच्या इतर कुठल्याही शाखेपेक्षा ही शाखा दोन माणसांच्या बोलण्यावर जास्त अवलंबून आहे. एक खोली, आडवं पडायला एक कोच, आठवड्यातून चार-पाच वेळा येणारा माणूस आणि वर्षानुवर्षं चालणारं बोलणं. असलं ज्ञान पार्सलमधून येऊ शकतं का? आणि आलंच, तर त्याचं काय करायचा हक्क मला मिळतो?

दूरशिक्षणात फ्रॉइड भेटतो तो असा. व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धान्तांच्या पेपरात त्याचं प्रकरण येतं. इड, इगो, सुपरइगो. मग रक्षणयंत्रणा: दमन, नकार, प्रक्षेपण. पुढे मनोविकार आणि मानसोपचारांच्या पेपरांत तो पुन्हा डोकावतो. सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर तास असतात. असाइनमेंटला ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला ७० टक्के. शिवाय प्रॅक्टिकम, इंटर्नशिप, प्रोजेक्ट. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत नेता येतो, म्हणून नोकरदारांना जमतो. माझ्याबरोबर तासाला एक अंगणवाडी पर्यवेक्षिका असते, एक पोलीस शिपाई असतो, आणि एक मुलगी गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने येते.

वाचायचं इंग्रजीत, अडलं की हिंदीत. हिंदी पुस्तकांत अनकॉन्शसला 'अचेतन' म्हणतात. मराठी कानाला अचेतन म्हणजे निर्जीव, दगडासारखं. फ्रॉइडचं म्हणणं नेमकं उलटं आहे. तिथे जे दडलंय ते जिवंत आहे, बाहेर यायला धडपडतं आहे. स्वप्नांतून, तोंडून चुकून निसटलेल्या शब्दांतून ते वर येतं. मराठीत त्यासाठी 'अबोध' आहे आणि 'नेणीव'ही आहे. जाणणं तसं नेणणं. आपल्या जुन्या भाषेत न जाणणं हे सुद्धा क्रियापद आहे, म्हणजे माणूस ते करतो. दमन म्हणजे काय हे मला त्या एका शब्दाने समजलं.

आता पोस्टाचं. त्यावर हसण्याआधी हा विषय जन्मला कसा ते पाहायला हवं.

१८९७ साली फ्रॉइडने स्वतःचं विश्लेषण सुरू केलं. त्याला शिकवायला कोणी नव्हतं, कारण शिकवण्यासारखं शास्त्रच अजून नव्हतं. त्याच्याकडे होता विल्हेल्म फ्लीस नावाचा मित्र. फ्रॉइड व्हिएन्नात, फ्लीस बर्लिनमध्ये. दोघे अधूनमधून भेटत, पण खरा व्यवहार पत्रांचा. आईविषयीची ओढ, वडिलांविषयीची असूया आणि इडिपसची गोष्ट यांची सांगड फ्रॉइडने पहिल्यांदा घातली ती ऑक्टोबर १८९७मध्ये या मित्राला लिहिलेल्या पत्रात. म्हणजे मनोविश्लेषणातली सगळ्यात गाजलेली कल्पना आधी टपालपेटीत पडली आणि मग जगात आली.

पुढचंही तसंच. घोड्यांना भिणाऱ्या पाच वर्षांच्या हान्सची केस १९०९ साली प्रसिद्ध झाली. उपचार केला मुलाच्या वडिलांनी. ते मुलाशी बोलत, टिपणं काढून फ्रॉइडला देत. त्या काळात फ्रॉइड या कामासाठी मुलाला एकदाच भेटला. १९११ साली त्याने डॅनिएल पॉल श्रेबर या जर्मन न्यायाधीशाच्या वेडावर लिहिलं. श्रेबरला तो कधीच भेटला नव्हता. त्याने श्रेबरचं १९०३ साली छापलेलं आत्मकथन वाचलं होतं.

आणि मग कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस. धंद्याने डॉक्टर. फ्रॉइडविषयी मिळेल ते इंग्रजीतून वाचत स्वतःच्या रुग्णांवरून ते विचार करत राहिले. १९२१ साली त्यांनी दमनाच्या संकल्पनेवर पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते व्हिएन्नाला पाठवलं. पत्रव्यवहार सुरू झाला तो जवळपास फ्रॉइडच्या अखेरीपर्यंत चालला. १९२२ साली, म्हणजे आपलं नागपूर विद्यापीठ स्थापन व्हायच्या एक वर्ष आधी, बोसांनी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. फ्रॉइडला ते एकदाही भेटले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या कोचवर पडून त्यांनी स्वतःचं विश्लेषणही करून घेतलं नाही.

या पत्रव्यवहारातला एक प्रसंग मला फार आवडतो. बोसांनी फ्रॉइडकडे फोटो मागितला. त्याचबरोबर जतींद्रकुमार सेन या चित्रकाराने फ्रॉइडचं एक चित्र काढलं होतं, फ्रॉइडला न पाहता, नुसत्या कल्पनेने; तेही बोसांनी पाठवून दिलं. फ्रॉइडने कळवलं की चित्र छान आहे, जरा जास्तच छान आहे, फोटो येईल तेव्हा ताडून पाहा. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला हे लगेच ओळखू येईल. न पाहिलेल्या गुरूचा चेहरा आपणही असाच मनाने काढत असतो. मनोविश्लेषणात या गोष्टीला नाव आहे, भावसंक्रमण. समोरच्या माणसावर आपण आपल्या आतलं कुणीतरी चढवतो. त्यासाठी समोर माणूस असावाच लागतो असं नाही, हे त्या चित्राने दाखवलं.

बोस नुसते आज्ञाधारक विद्यार्थीही राहिले नाहीत. लिंगच्छेदाची भीती युरोपीय रुग्णांत जशी उघड दिसते तशी माझ्या भारतीय रुग्णांत दिसत नाही, असं त्यांनी फ्रॉइडला कळवलं. विरुद्ध इच्छांचा स्वतःचा सिद्धान्त मांडला. आपल्या वर्तुळातल्यांचे मतभेद फ्रॉइडला फार मानवत नसत, काही मित्र त्यात कायमचे तुटले. बोसांशी मात्र संबंध टिकला. १९३१ साली, फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, कोलकात्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती गेली आणि ती फ्रॉइडच्या टेबलावर राहिली. मला वाटतं, बोसांना वेगळं बोलता आलं याचं एक कारण ते दूर होते हेच असावं. व्हिएन्नात रोज समोर बसणाऱ्या शिष्याला हे इतकं सोपं गेलं नसतं.

म्हणजे ऑफिसातल्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याला उत्तर आहे. सिद्धान्त दुरून शिकता येतो. तो दुरून शिकूनच भारतात आला.

दुसरा अर्धा प्रश्न अवघड आहे. कारण हान्स, श्रेबर, बोस हा सगळा सुरुवातीचा काळ. नंतर खुद्द मनोविश्लेषकांनीच दार बंद केलं. १९२०नंतर बर्लिनच्या संस्थेत शिक्षणाचा साचा ठरत गेला: वर्गातला अभ्यास, जाणत्याच्या देखरेखीखाली केसेस, आणि विद्यार्थ्याने आधी स्वतःचं विश्लेषण करून घेणं. दशक संपायच्या आत तो इतरत्रही पसरला. आज भारतात असं शिक्षण कोलकाता, मुंबई, दिल्ली अशा मोजक्या शहरांत मिळतं. वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात.

विद्यापीठांविषयी फ्रॉइडने १९१९ साली एक छोटा लेख लिहिला होता. त्याचा सूर असा की विद्यापीठाला मनोविश्लेषणाचा फायदा होईल, पण मनोविश्लेषकाचं विद्यापीठाविना अडत नाही. वर्गातल्या व्याख्यानांनी कोणी विश्लेषक होणार नाही. पण मनोविश्लेषणाविषयी काहीतरी कळेल आणि मनोविश्लेषणाकडून काहीतरी शिकता येईल, तेवढं पुरे. मी हा लेख वाचला तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्या एम.ए.बद्दल बोलतोय. 'विषयी' आणि 'कडून' यांत फरक आहे. विषयी कळलेलं परीक्षेत लिहिता येतं. कडून शिकलेलं कुठे दिसतं?

ते दिसण्याची एक जागा मला असाइनमेंटमध्ये सापडली. प्रश्न साधारण असा असतो: रक्षणयंत्रणा उदाहरणांसह स्पष्ट करा. खरी मेख त्या 'उदाहरणांसह'मध्ये आहे. कॉलेजात जाणाऱ्याला निदान शिक्षक आहेत, रोजचा वर्ग आहे, दवाखान्याला भेटी आहेत. दूरच्या विद्यार्थ्याच्या हाताशी काय असतं? घर. आई, नवरा, सासू, ऑफिसातले साहेब. घराची प्रयोगशाळा होते आणि घरातल्या कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

माझे काका जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची जुनी स्कूटर अंगणात उभी आहे. काकू रोज सकाळी तिला किक मारतात, दोन मिनिटं चालू ठेवतात, बंद करतात. त्यांना चालवता येत नाही. पुस्तकाच्या हिशेबाने हे आयतं उदाहरण: नकार, मृत्यू न स्वीकारणं. मी एकदा विचारलं, "काकू, रोज किक कशाला मारता?"

"बंद ठेवली तं बॅटरी उतरते. अन् मग कोणी घेत नाही."

विकायचं त्यांनी अजून कुणाजवळ काढलेलं नाही.

यात खरं काय? बॅटरी उतरते, हे खरं. काकूंना तो आवाज हवा असेल, हेही खरं असू शकतं. सिद्धान्ताने मला दुसरी शक्यता दिसायला शिकवली, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण त्याने मला जो शब्द दिला त्यात एक गडबड आहे. काकू त्याला उत्तर देऊ शकत नाहीत. "मी काही नाकारत नाही" असं म्हणाल्या तर तोच नकार. गप्प बसल्या तर दमन. चिडल्या तर प्रतिकार. समोरच्याची प्रत्येक खेळी माझ्याच खात्यात जमा होईल असा हा डाव आहे. कार्ल पॉपरने हीच तक्रार विज्ञानाच्या बाजूने केली होती: जो सिद्धान्त कुठल्याही वागण्याने खोटा ठरूच शकत नाही, त्याला विज्ञान कसं म्हणायचं? पॉपरचा प्रश्न तर्काचा आहे. तोच घरात आणला की नीतीचा होतो. ज्याला उलट बोलण्याची सोय नाही त्याच्या मनाविषयी मी निकाल द्यावा का?

विश्लेषकाच्या खोलीत हा धोका असतोच, पण त्याला काही आवर असतात. आलेला माणूस स्वतःहून आलेला असतो. तो पैसे देतो, म्हणून उठून जाऊ शकतो. तुमचं चुकतंय, असं म्हणायला त्याला वर्षं मिळतात. ऐकणाऱ्याने स्वतः हे सोसलेलं असतं. आणि शिकाऊ विश्लेषकाच्या चुका पकडायला वर कोणी असतं. काकूंच्या अंगणात यातलं एकही नाही. तिथे माझ्याजवळ फक्त शब्द आहे.

फ्रॉइडलाही हे ठाऊक होतं. १९१० साली त्याने 'रानटी' मनोविश्लेषणावर लिहिलं. घटस्फोटित, चाळिशी उलटलेली एक बाई त्याच्याकडे आली. तिला भीतीचे झटके येत. एका तरुण डॉक्टरने तिला तोंडावर सांगून टाकलं होतं की तुमच्या शरीराची भूक भागत नाही, हे त्याचं कारण. नवऱ्याकडे परत जा, नाहीतर प्रियकर शोधा, नाहीतर स्वतःचं स्वतः भागवा. बाई आणखी हादरली. फ्रॉइडचं म्हणणं, अबोधातलं नुसतं सांगून टाकणं म्हणजे दुष्काळात मेनूकार्ड वाटणं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की सांगणारा डॉक्टर होता, रीतसर कॉलेजात शिकलेला.

म्हणून मला बंदीचा तर्क अर्धाच पटतो. उपचार करणाऱ्याला प्रत्यक्ष शिक्षण हवं, देखरेख हवी, यात वाद नाही. माझा भाऊ आजारी असता तर त्याला मी माझ्यासारख्या असाइनमेंट लिहून पास झालेल्या माणसाकडे नेलं नसतं. पण कायद्याने हा फरक आधीच केलेला होता. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. दुरून केलेल्या एम.ए.ने तो हक्क मिळतच नव्हता. ज्ञान आणि परवाना वेगळे होते. कोणी एम.ए.च्या जोरावर पाटी लावून बसत असेल तर पाटी उतरवायला हवी. त्यासाठी पुस्तक काढून घ्यायची गरज नव्हती.

व्हिएन्नातही हा वाद झाला होता. थिओडोर राइक हा फ्रॉइडचा शिष्य डॉक्टर नव्हता, मनोविश्लेषण करत असे. त्याच्यावर भोंदू वैद्यकीचा ठपका आला. १९२६ साली फ्रॉइडने त्याच्या बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातली भोंदूची व्याख्या मला न्यायाची वाटते: लागणारं ज्ञान आणि कसब नसताना उपचार करायला बसतो तो भोंदू, मग त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी असो वा नसो. ही व्याख्या दोन्ही बाजूंनी कापते. पदवीवाल्याला ती सूट देत नाही आणि माझ्यासारखीलाही देत नाही.

आणि मनाविषयीचं दूरशिक्षण बंद झालंय कुठे? ते तर फोनवर चोवीस तास चालू आहे. एका मिनिटाच्या रीलमध्ये तुमचा बॉयफ्रेंड नार्सिसिस्ट ठरतो, आई टॉक्सिक ठरते, मैत्रिणीने फोन उचलला नाही की ते गॅसलाइटिंग होतं. हे शब्द आपल्याला जगायला उपयोगी पडले आहेत हे मी नाकारत नाही. घरातला छळ 'स्वभाव' म्हणून झाकला जायचा, त्याला नाव मिळालं. पण तेच नाव भांडणात शेवटचा शब्द म्हणूनही वापरलं जातं. तू टॉक्सिक आहेस, यावर काय बोलणार? माझ्या कोर्समध्ये निदान मला एका शब्दामागे वीस पानं वाचावी लागली, त्यावरचे आक्षेप लिहावे लागले, कुणीतरी लाल पेनाने 'उदाहरण अपुरे' असा शेरा मारला. मनाच्या दूरशिक्षणातला सगळ्यात संथ आणि सगळ्यात तपासलेला रस्ता होता तो बंद झाला. वेगवान रस्ता मोकळाच आहे.

यात जाणार काय ते नागपूरसारख्या गावी नीट दिसतं. आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासूनचं मनोरुग्णालय आहे, आणि त्याच्यामुळे एका चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. ऑटोवाल्याला तेच सांगावं लागतं. शहराच्या बोलण्यात मनाचा पत्ता तेवढाच. अशा ठिकाणी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेने, पोलीस शिपायाने मनाविषयी दोन-चार वर्षं वाचलं, तर ते काही दवाखाने उघडणार नाहीत. पण एखादं मूल बोलत नाही म्हणजे ते हट्टी नाही, तक्रार द्यायला आलेली बाई तीच गोष्ट तीन प्रकारे सांगते म्हणजे खोटं बोलते असं नाही, एवढं त्यांना थांबून पाहता येईल. हे 'कडून' शिकणं. त्यासाठी परवाना लागत नाही.

मग या ज्ञानाचं करायचं काय? मी माझ्यापुरते दोन नियम केले आहेत. पहिला, उदाहरण स्वतःचं घ्यायचं. स्वप्नांवरच्या पुस्तकात फ्रॉइडनेही कितीतरी स्वप्नं स्वतःचीच वापरली. त्या असाइनमेंटमध्ये मी काकूंची स्कूटर लिहिली नाही. लहानपणी कुत्रा चावल्यावर मला घ्यावी लागलेली इंजेक्शनं मी कितीतरी दिवस बाहुलीला देत होते, ते लिहिलं. दुसरा नियम, न विचारता सांगायचं नाही. मानसशास्त्र शिकते म्हटलं की लोक हमखास म्हणतात, "मग सांग बरं, माझ्या मनात काय आहे?" हे विचारणं नव्हे, ही गंमत आहे. खरं विचारणारा माणूस आवाज खाली आणून विचारतो, आणि बहुतेक वेळा त्यालाही उत्तर नको असतं, ऐकणारं कोणी हवं असतं. त्यापलीकडे काही लागलं तर नोंदणी असलेल्या माणसाचा पत्ता द्यावा.

फ्रॉइड आपल्या रुग्णाच्या मागे बसत असे, कोचच्या डोक्याकडे, दिसणार नाही असा. तासन्‌तास कुणी टक लावून पाहिलेलं त्याला सोसत नसे, आणि आपल्या चेहऱ्यावरून रुग्णाने काही ताडू नये असंही त्याला वाटे. म्हणजे एका खोलीत असूनही त्याने अंतर ठेवलं होतं. अंतर म्हणजे लांबी, आणि अंतर म्हणजे मनाचा आतला भागही. मराठीने दोन्हींना एकच शब्द दिला आहे. गडचिरोली ते नागपूर हे अंतर एसटीने कापता येतं, पुस्तकानेही कापता येतं. माझ्या आणि काकूंच्या मधलं अंतर मात्र मला कापायचं नाही. ते तसंच ठेवून त्यांच्या स्कूटरचा आवाज ऐकता येणं, एवढं या विषयाने शिकवलं तरी फी वसूल झाली असं मी धरेन.